रुग्णशय्येचा पडदा

मुंबईंत १८८६ मध्यें कामा इस्पितळ उघडलें, तेव्हां त्याची सूत्रें डॉ. एडिथ पेची या स्त्रीवैद्याच्या हातीं आलीं. परपुरुषापुढें देह उघडा करण्यापेक्षां दुखणें अंगावर काढणाऱ्या स्त्रिया त्या काळीं घरोघर होत्या. त्यांच्यापुरता आडोसा हाच उपचाराचा आरंभ होता.

दहा वर्षांनीं, सप्टेंबर १८९६ मध्यें, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवींत प्लेग ओळखला आणि कापडाचा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. रोग्याचें अंथरूण-पांघरूण जाळावें, कीं औषधी पाण्यांत बुडवून परत द्यावें? दोन्ही उपाय चालत. परंतु ज्याची एकच गोधडी होती, त्याला दारांतली ती होळी रोगाइतकीच भयंकर वाटे. त्यांतच झडत्यांनीं घरांतला आडोसाही गेला. ९ मार्च १८९८ रोजीं एका विणकर कुटुंबांतील आजारी मुलीवरून मुंबईंत दंगल उसळली. लोकांची लाज न राखतां केलेली शुद्धि लोक स्वीकारीत नाहींत, हा त्या दिवसांचा धडा.

आज तोच पेंच खाटेभोवतींच्या पडद्याशीं येऊन ठेपला आहे. अमेरिकेंतील आयोवा येथील २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत नव्या १३ पडद्यांपैकीं १२ पडद्यांवर आठवड्याच्या आंत रोगजंतु आढळले. कारण उघड आहे: तपासणाराचा हात आधीं पडद्याला लागतो, मग रोग्याला.

वापरून टाकण्याच्या पडद्यास धोबी लागत नाहीं. पण पुरवठा खुंटला कीं जुनाच लोंबत राहतो, आणि रक्त लागल्यास २०१६ च्या नियमांप्रमाणें पिवळ्या पिशवींतून जाळण्यास पाठवावा लागतो. सुती पडदा उकळून शुद्ध होतो. पण त्याला पाणी, जळण, ऊन आणि बदलीचा दुसरा जोड हवा.

डहाणू तालुक्यांतील रानशेतसारख्या गांवीं आषाढ-श्रावणांत कपडा वाळतां वाळत नाहीं. अशा ठिकाणीं एरवीं सुती पडद्याचे दोन जोड, आणि भर पावसांत किंवा सांसर्गिक रोग्यापाशीं टाकाऊ पडदा, ही वाटणी शहाणपणाची ठरेल. मात्र पडदा केव्हां लावला याची तारीख कोणी लिहीत नसेल, तर दोन्ही सारखेच घातक.

बाळंतपणास आलेल्या वारली बाईस आडोसा मिळावा आणि आडोशाबरोबर रोग मिळूं नये. एवढें साधलें, तरच १८८६ चा हेतु पुरा झाला म्हणावयाचा.