नानकटाईचा डबा आणि रविवार

आमच्या घरी 'होम बेकिंग' घरात कधी झालंच नाही. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत ओव्हन ठेवणार कुठे? डिसेंबरात नाताळची सुट्टी लागली, की आजी परातीत तूप आणि पिठीसाखर फेसायला बसायची. तळहाताने, पांढरंशुभ्र होईपर्यंत. (तूप म्हणजे डालडा. साजूक तूप देवापुढच्या निरांजनापुरतं.) मग मैदा, थोडं बेसन, रवा, वेलची. तो गोळा डब्यात भरून बेकरीत न्यायचा. तिथे काळे पडलेले पत्रे मिळायचे. बाकड्यावर बसून नानकटाया वळायच्या आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. पाव निघाले, भट्टीची आच मंदावली, की मग आपले पत्रे आत. कुठला पत्रा कोणाचा, हे भट्टीवाल्याच्या डोक्यात असायचं. एकदा चुकलं, आणि शेजारच्या काकूंच्या नानकटाया आमच्यापेक्षा चांगल्या असतात हे आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन राणीबागेत. आजोबा मात्र सोबत क्वचितच असायचे.

त्याचं कारण मला मोठेपणी समजलं. राणीबाग उघडली 1862 साली, तिच्या आवारातलं संग्रहालय 1872 साली. पण शहरातल्या गिरण्यांत काम करणाऱ्याला तिथे पोरंबाळं घेऊन जायला आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षं सभा घेतल्या, अर्ज केले. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगार जमले, त्या सभेत स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बाग उघडून तोवर 28 वर्षं झाली होती.

पुढे 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207, त्यातल्या 42 नायगावात. नकाशा काढणाऱ्याने माणूस झोपेल एवढाच हिशेब केला असावा, असं मला राहून राहून वाटतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. ते वॉचमन झाले, आणि वॉचमनला रविवार नसतो.

संग्रहालय माझ्या लहानपणी दुरुस्तीसाठी बंद होतं, 2008 साली उघडलं. 1975 पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. आजोबांनी रजा टाकली आणि आम्ही सगळे गेलो. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती, आत काचेमागे मातीची छोटी छोटी माणसं, आपापल्या कामाला लागलेली. आजोबा त्यांच्यासमोरून हलेनात. शेवटी आजीने बाहेर बाकावर डबा उघडला, तेव्हा आले.

आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. लाकडाच्या भट्ट्याही जाणार; हिवाळ्यातली हवा बघता जायलाच हव्यात. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सहा महिने दिले. नवं घर 500 चौरस फुटांचं. माझा रविवार बऱ्याचदा लॅपटॉपसमोर 'ऑन कॉल' जातो, पण ओव्हन मात्र मी आधीच ठरवून ठेवलाय. आजीला फोनवर फोटो दाखवला.

"किती पत्रे मावतात रे यात?"

"एक, आजी."




"मग काकूंचा कुठे ठेवणार?"