चारिका, हौद आणि संवाद

अजिंठा-वेरूळच्या परिसरात विविध समाजांतील तरुण-तरुणींच्या संयुक्त सहली काढाव्यात, असा विचार अनेकदा मांडला जातो. तो स्वागतार्ह आहे. परंतु केवळ एकत्र प्रवास केल्याने मने जुळतात काय, या प्रश्नाचे उत्तर याच भूमीच्या इतिहासात शोधावे लागते.

सन १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी प्रवेशद्वाराजवळील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तोच हौद बाटविल्याचा गलका उठला. तेथील मुसलमान संतप्त झाले. अस्पृश्याने इस्लाम स्वीकारला तर त्यालाही पाणी नाकाराल काय, असे बाबासाहेबांनी विचारताच जमाव निरुत्तर झाला. अखेर किल्ल्यात प्रवेश मिळाला. पण कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही, या अटीवर व सशस्त्र पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. प्रवासी गाव सोडतो, तरी समाजाने लादलेली बंधने त्याच्याआधीच मुक्कामी पोचलेली असतात, हा त्याचा बोध होय.

पुढे सन १९५० मध्ये याच नगरीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी महाविद्यालय स्थापन केले. त्यास मिलिंद हे ग्रीक राजाचे नाव लाभले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. या नामकरणातील आशय पालि 'मिलिन्दपञ्ह' वाचताना उलगडतो. ब्राह्मणकुळात जन्मलेला, वेद शिकलेला तरुण नागसेन उपसंपदेनंतर अस्सगुत्त स्थविरांकडे जातो. ते त्यास शंभर योजने दूर पाटलिपुत्राच्या अशोकारामात धम्मरक्खितांकडे धाडतात. वाटेत एक व्यापारी त्यास आपल्यासोबत घेतो. अशा चारिकेतून घडलेला नागसेन सागल नगरीत राजासमोर येतो, तेव्हा संवादापूर्वी तो एक अट घालतो: चर्चा पंडितवादाने व्हावी, राजवादाने नव्हे. पंडितांच्या वादात खंडन-मंडन होते, चूक दाखविली जाते, तरी कोणी क्रुद्ध होत नाही. राजाशी मतभेद झाला की मात्र दंड होतो. मिलिंदाने ही अट मान्य केली, म्हणूनच तो संवाद आजवर टिकला.

वेरूळच्या एकाच डोंगरात बौद्धांची १२, हिंदूंची १७ व जैनांची ५ लेणी आहेत. त्यांच्या दर्शनास निघणाऱ्या आजच्या तरुणांनी हे दोन प्रसंग सोबत न्यावेत. आपल्या गटात सर्वांचे पाण्याचे भांडे एक आहे काय, आणि अप्रिय प्रश्न विचारणाऱ्यास निर्भयपणे बोलता येते काय, हे प्रथम तपासावे. या दोहोंची पूर्तता झाली, तरच अशा सहलीस चारिका म्हणता येईल.