कंपायलरचा मंदावणारा वेग कसा मोजतात?

प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘कंपायलर’ म्हणतात. तयार होणारा प्रोग्राम अधिक वेगाने चालावा, यासाठी नव्या आवृत्त्यांत विश्लेषणाचे टप्पे वाढवले जातात. परिणामी रूपांतराचा वेळही वाढतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या ‘एलएलव्हीएम’ या मुक्त प्रकल्पाची नवी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनी येते. प्रत्येक आवृत्तीत हा वेळ केवळ २ टक्क्यांनी वाढला, असे धरले तरी दहा आवृत्त्यांत एकूण वाढ सुमारे २२ टक्के होते.

घड्याळाने मोजलेला वेळ प्रोसेसरचे तापमान आणि संगणकावरील इतर कामे यांमुळे कमीजास्त होतो. त्यात एवढा लहान फरक दिसतच नाही. म्हणून निकिता पोपोव यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या मापनव्यवस्थेत, ठरावीक प्रोग्राम कंपाइल करताना प्रोसेसरने पार पाडलेल्या सूचनांची संख्या मोजली जाते. ही संख्या जवळपास स्थिर राहते. ती म्हणजे प्रत्यक्ष वेळ नव्हे. मात्र कोणत्या बदलामुळे काम वाढले, हे तिच्यावरून नेमके शोधता येते आणि आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच दुरुस्तीला वाव मिळतो.