देवाच्या शिडीखालचे द्राक्षमळे

स्पेनच्या ईशान्येस कातालोनिया प्रांतात मोन्तसान्त, म्हणजे 'पवित्र पर्वत', नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याचा लहानसा टापू तो प्रियोरात. येथील तांबड्या द्राक्षमद्याला आज मोठे मोल येते. परंतु त्यामागील इतिहास थोड्यांनाच ठाऊक असतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस कार्थुसियन संन्यासी येथे आले. देवदूत शिडीने स्वर्गात चढताना एका मेंढपाळाने पाहिले, अशी आख्यायिका होती. तिच्यावरून मठाला 'स्काला देई', म्हणजे 'देवाची शिडी', हे नाव पडले. मठप्रमुखास 'प्रायर' म्हणत. म्हणून त्याच्या अंमलाखालील मुलूख प्रियोरात झाला. मिस्सेसाठी द्राक्षरस हवाच. संन्याशांनी मळे वाढविले. मात्र भोवतालच्या गावांचे तेच धनी होते व करही घेत, हे विसरून चालणार नाही. 1835 मध्ये सरकारने मठ खालसा केला. पुढे त्याचे अवशेषच उरले.

येथील जमीन म्हणजे शाळेतल्या पाटीच्या जातीचा काळसर दगड. पाणी वर ठरत नाही. ओलावा शोधीत मुळे फटींतून खोल जातात. जुन्या वेलीस घड थोडे, पण रस दाट. उभ्या उतारावर नांगरास खेचर जुंपावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून युरोपात आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या सूक्ष्म किडीने येथील मुळे पोखरली. मळे ओसाड पडले, तरुण शहरांकडे गेले. मागे राहिलेल्यांनी अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून गार्नाचा व कारिन्येना ह्या जाती पुन्हा लावल्या. पुढे कित्येक दशके त्यांचे मद्य घाऊक भावाने विकले जाई.

1989 मध्ये रेने बार्बियेर, आल्वारो पालासिओस आदी मित्रांनी ग्रातायोप्स गावी एकत्र मद्य तयार केले. त्यांनी नव्या फ्रेंच जाती लावल्या. तथापि म्हाताऱ्या वेलींचे मोलही ओळखले. 2009 मध्ये प्रियोरातला देशातील सर्वोच्च दर्जा राष्ट्रीय स्तरावर मिळाला. तो त्यापूर्वी केवळ रिओहाकडे होता.

कीर्ती नव्यांना लाभली, ह्यात वावगे नाही. परंतु भाव नसतानाही ज्यांनी वेली उपटल्या नाहीत, त्यांची नावे बाटलीवर येत नाहीत. पवित्र मिस्सेत द्राक्षरसासह माणसाचे श्रमही वेदीवर ठेवले जातात, असे आम्ही मानतो. देवदूतांची शिडी एका मेंढपाळाला दिसली असेल. ह्या डोंगराचा चढ मात्र शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चढत आले.