वक्षूकाठचे ग्रीक

इ. स. १९६१ मध्ये अफगाणिस्तानचे राजे जहीर शाह शिकारीच्या निमित्ताने देशाच्या ईशान्य सीमेवर गेले होते. तेथील गावकऱ्यांनी त्यांना परिसरात सापडलेला एक कोरीव दगड दाखविला. तो एका स्तंभाचा शीर्षभाग होता व त्यावर अकँथसच्या पानांची अस्सल ग्रीक वळणाची नक्षी होती. संस्कृत साहित्याने जिला वक्षू म्हटले त्या आमूदर्येला कोकचा नदी जेथे मिळते, ते हे ठिकाण. पुढे पॉल बेर्नार यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९७८ पर्यंत येथे उत्खनन केले आणि एक संपूर्ण ग्रीक नगर मातीतून वर आले. त्याचे प्राचीन नाव निश्चित झालेले नाही. आज ते आय-खानुम, म्हणजे ‘चंद्राबाई’, या उझबेक नावाने ओळखले जाते.

ग्रीक संस्कृती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अथेन्स उभे राहते. सॉक्रेटीस, सोफोक्लीस, पार्थेनॉन ही नावे आठवतात. परंतु अथेन्सचे हे वैभव जगाचे झाले ते पुढच्या काळात. इ. स. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर बाबिलोनला मरण पावला, तेव्हापासून इ. स. पू. ३० मध्ये रोमने इजिप्त घेतले तोपर्यंतच्या तीन शतकांना इतिहासकार हेलेनिस्टिक काळ म्हणतात. या काळात ग्रीक भाषा नाईल ते वक्षू अशा विस्तीर्ण प्रदेशात पसरली आणि घरापासून दूर राहणाऱ्यांची भाषा झाली. म्हणूनच आय-खानुमचा इतिहास आम्हांला अथेन्सच्या इतिहासापेक्षाही अधिक जवळचा वाटतो.

या इतिहासाचा आरंभ मात्र रम्य नाही. अलेक्झांडरने पूर्वेकडील प्रांतांत वसविलेल्या ग्रीक सैनिकांपैकी अनेकांना तेथे राहावयाचे नव्हते. त्याच्या मृत्यूची वार्ता येताच त्यांनी बंड केले आणि मायदेशाची वाट धरली. वीस हजार पायदळ व तीन हजार घोडेस्वार हा डायोडोरस या इतिहासकाराने दिलेला आकडा आहे. आपली भाषा, आपली रीत यांच्या ओढीने ते निघाले होते, असेही तो नमूद करतो. मॅसिडोनियन सैन्याने त्यांना वाटेतच गाठले व शरण आल्यावर त्यांची कत्तल केली. जे परदेशी संस्कृतीचे दूत म्हणून पुढे ओळखले गेले, त्यांच्यातील पहिल्या पिढीला परत जाण्याची वाटच उरलेली नव्हती, हे विसरता कामा नये.

मग राहिलेल्यांनी काय केले? त्यांनी दूरदेशी आपले गाव उभारले. आय-खानुमला व्यायाम व विद्या यांचे एकत्र स्थान असलेली व्यायामशाला होती. हर्मीस आणि हेराक्लीस या देवतांना अर्पण केलेला तिचा शिलालेख मिळाला आहे. हजारो प्रेक्षक बसतील असे नाट्यगृह होते. नदीकाठच्या एका कारंजाचे पाणी ग्रीक सुखात्मिकेतील विनोदी आचाऱ्याच्या मुखवट्यातून पडत असे. किनिआस नावाच्या एका पुरुषाचे स्मारक नगराच्या मध्यभागी होते. तेथे क्लिआर्कस नावाच्या गृहस्थाने डेल्फीच्या मंदिरातील नीतिवचने स्वतः काळजीपूर्वक उतरवून घेऊन एवढ्या दूर आणली व शिळेवर कोरविली. शिळेच्या पायथ्याशी उरलेली शेवटची पाच वचने माणसाच्या वयाच्या पाच टप्प्यांना उद्देशून आहेत. बाल्यात सभ्यता, तारुण्यात संयम, मध्यम वयात न्याय, वार्धक्यात सल्लामसलतीचा विवेक आणि मृत्युसमयी खेद नसावा, असा त्यांचा आशय आहे. हा क्लिआर्कस ॲरिस्टॉटलचा शिष्य होता असे काही विद्वान मानतात. तो कोणीही असो, पुढील पिढीच्या हाती काय द्यावे याची चिंता त्याला होती हे निश्चित.

राजवाड्याच्या कोषागारात तर एक विलक्षण वस्तू सापडली. पपायरसवर लिहिलेला एक तत्त्वज्ञानविषयक संवाद मातीत गाडला गेला होता. कागद कुजून गेला, परंतु शाईची अक्षरे मातीच्या ढेकळांवर उमटून राहिली व ती वाचता आली. त्याच कोषागारातील मडक्यांवर आत काय व किती आहे याच्या ग्रीक नोंदी होत्या. त्यांत एका मडक्यात ऑलिव्हचे तेल होते. जेथे ऑलिव्हचे झाड वाढत नाही तेथे ते तेल दूरवरून आणवून जपून ठेवलेले असावे. चवीची ही ओढ परमुलखात संसार थाटलेल्यांना निराळी समजावून सांगावी लागत नाही.

एवढ्यावर थांबलो तर चित्र अपुरे राहील. याच नगरातील घरे ग्रीक पद्धतीची नाहीत. चारी बाजूंनी खोल्या असलेल्या मधल्या चौकाऐवजी पुढे मोकळे अंगण व मागे निवास अशी त्यांची रचना इराणी वळणाची आहे. मुख्य मंदिराचा आराखडा मेसोपोटेमियाकडचा. आतील भव्य मूर्तीचे जे पाऊल मिळाले त्याच्या पादत्राणावर मात्र ग्रीक वज्राचे चिन्ह. कोषागारातील नोंदींत ग्रीक नावांबरोबर वक्षू नदीच्या नावावरून पडलेली इराणी नावेही येतात. म्हणजे हिशेब ग्रीकमध्ये लिहिला जाई, पण लिहिणारे हात दोन्ही समाजांचे होते. आणि १९७० मध्ये येथेच अगॅथोक्लीस या ग्रीक राजाची सहा रौप्य नाणी मिळाली. त्यांवर एका बाजूस संकर्षण व दुसऱ्या बाजूस वासुदेव असून ग्रीक आणि ब्राह्मी अशा दोन्ही लिपींत राजाचे नाव आहे. बलराम आणि कृष्ण यांच्या प्राचीनतम ज्ञात प्रतिमांमध्ये या नाण्यांची गणना होते.

इ. स. पू. १४५ च्या सुमारास नगर जळाले आणि ग्रीक वस्ती संपली. सुमारे दीड शतक जपलेल्या भाषेचे पुढे काय झाले? उत्तर १९९३ मध्ये अफगाणिस्तानातच रबातक येथे मिळालेल्या शिलालेखात आहे. कनिष्काने आपली राजाज्ञा प्रथम ग्रीकमध्ये काढली व मग ती ‘आर्य’ भाषेत, म्हणजे बॅक्ट्रियनमध्ये आणविली, असे त्यात म्हटले आहे. ग्रीक भाषेला निरोप देणारा हा लेख कोरला आहे तो मात्र ग्रीक लिपीत. त्या लिपीत बॅक्ट्रियन दस्तऐवज आठव्या शतकापर्यंत लिहिले जात होते. भाषा गेली, लिपी राहिली.

हिंदुस्थानात उलट घडले. येथे लिपी टिकली नाही, पण शब्द घरात आले. पत्रिका मांडणारे ज्योतिषी ज्या ‘होरे’चा व ‘केंद्रा’चा उच्चार करतात, ते मुळातील ग्रीक शब्द. राज्यकारभारापासून भूमितीपर्यंत सर्वत्र वापरले जाणारे ‘केंद्र’ परकीय आहे याची आज कोणालाही आठवण नाही. ग्रीक ‘द्राख्मे’चे ‘द्रम्म’ झाले, शिलाहारांच्या लेखांत ते कोकणात दिसते, आणि त्यातूनच आपला ‘दाम’ आला. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात यवन म्लेच्छ असले तरी त्यांच्या ठायी हे शास्त्र सुप्रतिष्ठित असल्याने ते ऋषींप्रमाणे पूज्य होत, असा अभिप्राय नोंदवून ठेवला आहे.

विदिशेजवळ बेसनगर येथे उभा असलेला गरुडध्वज याच कथेचा दुसरा साक्षीदार आहे. तक्षशिलेचा रहिवासी, दिओनचा पुत्र हेलिओडोरस हा अंतिआल्किडस राजाचा दूत म्हणून भागभद्र राजाकडे आला आणि स्वतःला भागवत म्हणवून वासुदेवाप्रीत्यर्थ त्याने हा स्तंभ उभारला. लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहे. गावकरी त्याला पिढ्यानपिढ्या खांबबाबा म्हणून पूजीत आले. विदिशा ग्वाल्हेर संस्थानात असताना, १९१३ ते १९१५ या काळात, देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तेथे उत्खनन केले. कार्ले येथील चैत्याच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडून आलेला योनक इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा पुत्र, स्वतःची ओळख प्राकृतात सांगतो. यवन म्हणविणारे हे सारे वंशाने ग्रीक होते असे म्हणता येणार नाही. परंतु ‘यवन’ ही ओळख सांगत असतानाच बाप व लेक दोघांची नावे येथल्या मातीतली झाली होती, एवढे स्पष्ट आहे.

आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: आपली भाषा पुढच्या पिढीत राहील काय? या प्रश्नाचे उत्तर आय-खानुम देत नाही, पण तो नीट मांडावयास शिकविते. क्लिआर्कसने शिळा कोरविली नसती तर डेल्फीचे वचन वक्षूकाठी पोचले नसते. म्हणून जपणूक हवीच. तथापि नगराच्या तटबंदीआड जे होते ते तटबंदीबरोबर जळाले. शेजाऱ्याच्या हाती जे दिले गेले, मग ती लिपी असो, नाणे असो की ग्रहगणित, तेच शतकांमागून शतके चालत राहिले. त्यावर देणाऱ्याचे नाव राहिले नाही, आणि ही किंमत लहान नव्हे. ती आनंदाने मोजावी असे आम्ही म्हणणार नाही; मात्र ती ठाऊक असावी.

१९७८ नंतरच्या युद्धकाळात आय-खानुमची भूमी लुटारूंनी खणून चाळण केली. काबूलच्या संग्रहालयातील निवडक वस्तू तेवढ्या १९८९ मध्ये तेथील कर्मचाऱ्यांनी राष्ट्रपतिभवनाच्या तळघरात गुपचूप हलविल्या होत्या. भोवती सत्ता बदलत गेल्या, शहरावर तोफा पडल्या, तरी त्या माणसांनी वाच्यता केली नाही. तळघरातील पेट्या २००४ मध्ये उघडल्या गेल्या तेव्हा आय-खानुमचा ठेवा सुरक्षित निघाला. ज्यांनी तो वाचविला ते ग्रीक नव्हते, ग्रीक बोलत नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वी परक्यांनी आपल्या भूमीत जे ठेवले, ते आता आपले आहे एवढेच त्यांना ठाऊक होते.