वाडीचा संघ आणि कॉलेजचा संघ : मालवण किनाऱ्यावरील कबड्डीप्रेक्षकाचा इतिहास

खेळांचे इतिहास बहुधा खेळाडू, नियम आणि संघटना यांच्या आधारे लिहिले जातात; मैदानाच्या कडेला उभा राहून आपल्या संघासाठी घसा कोरडा करणारा प्रेक्षक त्यांत क्वचितच डोकावतो. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि त्याला लागून असलेल्या कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या पट्ट्यात कबड्डीला असा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या लाभलेला आहे, आणि कोणता चढाईपटू भारी, कोणत्या पंचाने सामना घालवला, कोणत्या मंडळाची बचावफळी पोकळ आहे यांविषयी त्याची मते ठाम असतात. मात्र ही निष्ठा वाहिलेली असते ती वाडीच्या, गावाच्या किंवा मंडळाच्या संघाला; महाविद्यालयाच्या संघाला ती जवळपास मिळालेली नाही. अमेरिकेत याच्या नेमके उलट घडले, कारण तेथे बास्केटबॉलचा सर्वांत कडवा चाहता महाविद्यालयीन संघांनी घडवला. खेळ आहे, महाविद्यालये आहेत आणि पक्षाभिमानही आहे, तरी सिंधुदुर्गात या तिन्ही गोष्टी एकत्र का आल्या नाहीत, हा प्रश्न या भागातील क्रीडाजीवनाच्या घडणीपर्यंत नेतो.

पश्चिम भारतात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु आणि तमिळ प्रदेशात सडुगुडु या नावांनी हा खेळ निरनिराळ्या रीतींनी खेळला जात असे. महाराष्ट्रात त्याचे तीन प्रकार रूढ होते. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येई; ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही; आणि ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान न सोडता खेळत राही, केवळ गुण मोजला जाई. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापून स्पर्धा भरवल्या, अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ मध्ये त्या नियमांना अधिक काटेकोर रूप दिले, आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांच्या प्रात्यक्षिकांत हा खेळ दाखवला. पुढे जो खेळ सर्वत्र स्थिरावला तो प्रामुख्याने संजीवनीच्या पायावर उभा आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही निवड फार महत्त्वाची ठरली, कारण बाद झालेला आवडता गडी केव्हाही परत येऊ शकतो या आशेमुळे हरणाऱ्या संघाचा पाठीराखाही शेवटच्या चढाईपर्यंत जागचा हलत नाही.

दक्षिण कोकणात हा खेळ रुजण्यामागे शेतीचे वेळापत्रक होते. दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकली की मळ्यातील सपाट जमीन मोकळी होते, आणि किनाऱ्यावर तर पुळणीची वाळू आयतीच असते. खेळाला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, बुटांचीही गरज नसते. चुन्याच्या किंवा राखेच्या रेषा मारल्या की मैदान तयार होते. भातकापणीपासून शिमग्यापर्यंतचा हा काळ जत्रांचाही असतो, दशावतारी नाटकांच्या रात्रीही याच दिवसांत जागवल्या जातात, आणि त्यामुळे रात्रभर बसून पाहण्याची, पाहिलेल्यावर दुसऱ्या दिवशी वाद घालण्याची सवय असलेला प्रेक्षक कबड्डीला तयारच मिळाला. डबलबारी भजनात दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून सवाल-जबाब करतात, तेव्हा श्रोतेही दोन तट पाडून बसतात. कबड्डीच्या मैदानावर हीच वृत्ती वाडीच्या नावाने प्रकट होते. गावातील प्रत्येक वाडीला स्वतःचे नाव, स्वतःचे मानपान आणि शेजारच्या वाडीशी चालत आलेली जुनी चुरस असल्याने सामन्याला लागणारा तणाव मुद्दाम निर्माण करावा लागत नव्हता.

या निष्ठेला संघटित रूप मात्र मुंबईत मिळाले. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, म्हणजे १ मे १९८१ रोजी ज्याचा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला त्या प्रदेशातून, गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत कामाला गेलेला चाकरमानी परळ, लालबाग, दादर, प्रभादेवी, वरळी या वस्त्यांत गावकऱ्यांच्याच सोबतीने राहत असे. तेथील व्यायामशाळा आणि क्रीडामंडळे ही कबड्डीची खरी पाठशाळा होती. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ अस्तित्वात आला, आणि या दीर्घ वाटचालीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारखे संघटक मंडळांच्या याच जगातून पुढे आले. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी मुंबईतील नवे नियम, नव्या पकडी आणि बनियनच्या पाठीवर मंडळाचे नाव छापण्याची पद्धत बरोबर घेऊन येई, चषक आणि रोख बक्षिसांसाठी वर्गणी देई, आणि गावच्या मंडळाचा मुंबईतील पाठीराखाही तोच असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले, आणि तो फसल्यावर पुष्कळ घरांची मुंबईतील मिळकत तुटली. गिरणगावातील मंडळांचा आर्थिक आधार त्यामुळे खचला, तरी गाव आणि मंडळ यांच्याशी जोडलेली निष्ठा मुंबई आणि कोकण अशा दोन्ही टोकांना टिकून राहिली.

या प्रेक्षकाची मते केवळ अभिमानातून येत नाहीत. त्यांच्यामागे खेळाची बारीक समज असते, कारण त्याने स्वतः कधीतरी रिंगण धरलेले असते. पुरुषांच्या सामन्यात १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मैदानावर दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू असतात. बचाव करणारे अर्धवर्तुळात उभे राहतात : दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्याआत मध्यरक्षक. नवखा प्रेक्षक चढाईपटूच्या हाताकडे पाहतो, तर जाणकार कोपरारक्षकाच्या पायांकडे पाहतो. चढाईपटू कोपऱ्याकडे झुकला आणि त्याचा पुढचा पाय जमिनीवर टेकून त्यावर अंगाचा भार आला की त्याच क्षणी कोपरारक्षक खाली बसून घोटा धरतो. हा क्षण साधण्यापूर्वी धरले तर पाय सुटतो आणि नंतर धरले तर चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावलेला असतो. घोटा धरला तरी एकट्याने तो रोखता येत नाही, म्हणून शेजारचा मध्यरक्षक त्याच श्वासात कमरेवर पडला पाहिजे, आणि हातात हात गुंफलेली साखळी मध्यरेषेकडची वाट बंद करण्यासाठी वळली पाहिजे. टाळी बहुधा घोटा धरणाऱ्याला मिळते. मैदानाबाहेरचा मुरलेला शौकीन मात्र दुसऱ्या गड्याचे नाव घेतो, आणि आघाडीचा चढाईपटू मोठा की भरवशाचा कोपरारक्षक मोठा, हा वाद त्याच्या जिव्हाळ्याचा असतो. सगळे गडी बाद झाले की प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात, त्याला लोण म्हणतात. लोण बसायच्या वेळी एकट्या उरलेल्या गड्याने बोनस घेऊन परतावे की झुंज घ्यावी, यावरही मैदानाबाहेर तत्काळ दोन पक्ष पडतात.

नियमांत होत गेलेल्या बदलांनी या वादांचे विषय बदलले. जुन्या पद्धतीत चढाईची मर्यादा म्हणजे चढाईपटूचा दम : ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार एका श्वासात, खंड न पडता, स्पष्ट ऐकू येईल असा चालू ठेवणे त्याला बंधनकारक होते, आणि दम तुटला असे पंचांना वाटले की तो बाद होई. उघड्या मैदानावर शेकडो माणसांच्या आरड्याओरड्यात तो उच्चार खरोखर ऐकू येत होता का, हा प्रश्न प्रत्येक अटीतटीच्या सामन्यानंतर उरत असे, आणि पंचांवरील रोषाचे ते सर्वांत मोठे कारण होते. चढाईसाठी ३० सेकंदांची मुदत ठरल्यावर घड्याळ निर्णायक झाले. दमाचा नियम कायम राहिला, तरी त्याभोवतीचा संशय ओसरला. बोनस रेषेने मात्र नवा वाद जन्माला घातला. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असताना चढाईपटूने एक पाय रेषेपलीकडे टेकवून त्याच वेळी दुसरा पाय हवेत ठेवला, तर कोणालाही न शिवता त्याला एक गुण मिळतो. याने खेळ वेगवान होतो, असे एका पक्षाचे म्हणणे. झुंज न देता गुण मिळवण्याची सवय लागते, असे दुसऱ्या पक्षाचे.

अशा जाणकार प्रेक्षकाच्या प्रदेशात महाविद्यालये उशिरा आली. वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण येथे १९६० च्या दशकात उच्च शिक्षणाची सोय होऊ लागली, आणि योगायोगाने त्याच सुमारास, १९६१ मध्ये, आंतरविद्यापीठ स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, तर पुढच्याच वर्षी ती शालेय राष्ट्रीय स्पर्धांतही आली. वरवर पाहता महाविद्यालयीन चाहता निर्माण होण्यास याहून अनुकूल काळ नव्हता. तरीही तो निर्माण झाला नाही, आणि त्याची कारणे स्पर्धेच्या रचनेत सापडतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बादफेरीच्या पद्धतीने, दोन-तीन दिवसांत, एका यजमान महाविद्यालयाच्या मैदानावर उरकली जाते. कामाच्या दिवशी भरदुपारी होणाऱ्या या सामन्यांना गावकरी येऊ शकत नाहीत, आणि पाहुण्या संघाचे विद्यार्थीही आपापल्या वर्गांत असतात. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाचे वर्ष तेथेच संपते. सिंधुदुर्गातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांतला गुणी खेळाडू विद्यापीठाच्या संघात निवडला गेला की तो दूरच्या शहरात वेगळ्या बनियनमध्ये खेळतो, आणि त्याचा सर्वोत्तम खेळ त्याच्या महाविद्यालयाला पाहायलाही मिळत नाही. शिवाय हा खेळाडू महाविद्यालयात येण्यापूर्वीच एखाद्या मंडळाचा झालेला असतो. तीन वर्षांनी तो महाविद्यालय सोडतो आणि पुढे पोलीस, रेल्वे किंवा बँकेतील क्रीडा कोट्याची नोकरी मिळाली तर तेथील संघाकडून खेळतो, तरी वाडीचे नाते सुटत नाही. त्यामुळे महाविद्यालय हा त्याच्या खेळातला एक मुक्काम ठरला.

अमेरिकेतील अनुभव याच्याशी ताडून पाहणे उद्बोधक आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलची रचना केली, ती हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त सभागृहात खेळता यावे म्हणून. म्हणजे शिक्षणसंस्था हीच त्या खेळाची जन्मभूमी होती. महाविद्यालयांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३९ पासून होऊ लागली. कॅन्सस विद्यापीठाने १९५५ मध्ये उघडलेल्या सभागृहात पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक व नॉर्थ कॅरोलायना ही दोन विद्यापीठे एकमेकांपासून जेमतेम १६ किलोमीटरवर असूनही, किंबहुना म्हणूनच, त्यांची चुरस देशभर गाजते. हे दोन संघ दर हंगामात एकदा आपल्या आणि एकदा प्रतिपक्षाच्या अंगणात खेळतात, आणि पुष्कळ छोट्या शहरांत व्यावसायिक संघ नसल्याने विद्यापीठाचा संघ हाच तेथील नागरिकांचाही संघ असतो. जी जागा तेथे विद्यापीठाने घेतली, ती मालवणच्या किनाऱ्यावर वाडीने आणि मंडळाने आधीच व्यापलेली होती.

जुलै २०१४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने या व्यवस्थेत आणखी एक थर चढवला. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेपासून भारताला सुवर्णपदके मिळवून देणारा हा खेळ मातीवरून मॅटवर, हॅलोजनच्या उजेडातून दूरचित्रवाणीच्या झगमगाटात आला, आणि सलग दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, या नियमाने रेंगाळणाऱ्या खेळाला वेसण घातली. यू मुंबा संघाने २०१५ मध्ये दुसऱ्या हंगामाचे विजेतेपद पटकावले, तेव्हा त्याचा कर्णधार अनुप कुमार हा हरियाणाचा होता. जुन्या निष्ठेच्या मोजमापाने हा संघ परका ठरायला हवा होता. पण मुंबई हे कोकणी कुटुंबाचे दुसरे गाव असल्याने त्या नावाला पाठिंबा देणे चाकरमान्यांच्या प्रदेशाला अवघड गेले नाही. मॅट, गुणफलक आणि थेट प्रक्षेपण गावोगावच्या स्पर्धांतही शिरले आहे, तर मातीवर पडून पकड करण्याचे धाडस मॅटवर शिकलेल्या पोरांत दिसत नाही, ही जुन्या शौकिनांची तक्रारही कायम आहे.

या साऱ्यावरून असे म्हणता येते की क्रीडानिष्ठा खेळाच्या गुणवत्तेतून किंवा संस्थेच्या प्रतिष्ठेतून आपोआप उगवत नाही. तोच प्रतिस्पर्धी, ठरलेल्या काळाने, पाहणाऱ्याला चालत जाता येईल अशा मैदानावर पुन्हा पुन्हा समोर आला म्हणजे ती घडते. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांनी मालवण विरुद्ध वेंगुर्ले, कुडाळ विरुद्ध कणकवली असे सामने दर वर्षी आळीपाळीने एकमेकांच्या मैदानांवर, संध्याकाळच्या वेळी भरवले असते, तर या भागातील प्रेक्षकाची तयारी, जाणकारी आणि वादप्रियता पाहता त्यांना चाहते मिळाले नसते असे मानण्याचे कारण नाही. उणीव प्रेक्षकात कधीच नव्हती. महाविद्यालयांच्या स्पर्धेने त्याला बसायला जागा आणि यायला वेळच ठेवला नाही, आणि वाडीने या दोन्ही गोष्टी अगदी प्रारंभापासून दिल्या.