घरची सरकी

विदर्भातील हरितक्रांतीची गोष्ट गव्हाने नव्हे, ज्वारीने सुरू होते. 'सीएसएच-१' हे संकरित वाण १९६४ साली आले. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी हायब्रीडचा जोरदार पुरस्कार केला. दाणा भरपूर येई. पण ठेंगण्या ताटाला कडबा कमी, आणि लवकर पिकणारे कणीस पावसात सापडून काळे पडे. भाकरीला गावरानाची गोडी नाही, ही म्हाताऱ्यांची तक्रार वेगळीच.

कापसाने मात्र शेतकऱ्याचे सारे गणितच बदलले. १९७० साली सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. १९७६ मध्ये नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था निघाली. पूर्वी शेतकरी घरचीच सरकी शेणात चोळून पेरी. संकरित पऱ्हाटीची सरकी दुसऱ्या वर्षी तसे पीक देत नाही. म्हणून बियाणे दरवर्षी दुकानातून, त्यामागे खत, त्यामागे फवारणी. शेत मात्र बहुतेक कोरडवाहूच राहिले! पाऊस फसला की नुसते कर्ज उगवे.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षे बोंडअळी हटली. पुढे गुलाबी अळीने ते विष पचवले. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भ पोखरला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले.

गावरान कापसाचा आखूड, जाडा धागा गिरणीला फारसा नको असे. गादी-रजईला तोच हवा. आपल्या पिंजाऱ्यांची धनुकली त्याच रुईवर चाले. ती थांबली यंत्रांमुळे, फोममुळेही; पण ती रुईही शेतातून जवळजवळ गेलीच होती.